एक पायरी खाली

आमच्या बारकीला नापास व्हायला फार कष्ट पडले. हसू नका. ढ पोराला नापास व्हायला काही लागत नाही, नुसतं बसून राहिलं की झालं. पण जिला प्रश्न वाचता वाचताच उत्तर सुचतं, तिने दर वर्षी एक पेपर मुद्दाम सोडायचा, आणि घरात कुणी हळहळायचं तर सोडाच, उलट "बरं झालं बाई" म्हणायचं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. बघून माझं डोकं फिरायचं. अजून फिरतं.

मी तिची मावशी. बारकीची आई, म्हणजे अक्का, माझी थोरली बहीण. माझी जीभ तिखट आहे असं अक्का लहानपणापासून सांगते, आणि ते काही खोटं नाही. लाँड्रीच्या मागच्या खोलीत माझं मशीन आहे. लोकांच्या पँटी आखूड करणं, कोटाचं अस्तर बदलणं, चेन लावणं, हे माझं काम. अक्काचं घर लाँड्रीच्या बरोबर वर. दोन खोल्या. तिची खिडकी माझ्या खिडकीच्या डोक्यावर, त्यामुळे त्या घरात भांडं पडलं तरी मला कळतं.

अक्काला दोन मुलं. थोरल्याला आम्ही सगळे साहेब म्हणतो. हे नाव त्याला नोकरीमुळे नाही पडलं, नोकरी त्याने कधी केलीच नाही. लहानपणी जेवायला हाक मारली की "इकडेच आणा" म्हणायचा, तेव्हापासून साहेब. धाकटी बारकी. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून बारकी, आता माझ्या दुकानाच्या दारातून वाकून येते, तरी बारकीच. शाळेच्या शेवटच्या वर्षात साहेबाचे डोळे गेले. आधी फळ्यावरचं दिसेना, मग पुस्तकातलं, मग समोर कोण उभं आहे ते. डॉक्टर झाले, मोठे दवाखाने झाले, भावजी त्याच धावपळीत खंगले आणि गेले. त्या मुलावर जे आलं ते वैऱ्यावरही येऊ नये. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे बोलणार आहे ते ऐकून तुम्ही म्हणाल, आंधळ्यावर तोंड टाकते, हिला काही माया आहे की नाही? माया होती. त्याने ती सगळी खाल्ली.

ज्याला दिसत नाही त्याला परीक्षेत लेखनिक घेता येतो. लेखनिक प्रश्न वाचतो, हा उत्तर सांगतो, तो लिहितो. त्याचा एक नियम आहे: लेखनिक परीक्षा देणाऱ्यापेक्षा शिक्षणात एक पायरी खाली पाहिजे. नाहीतर लिहिणाराच उत्तरं देऊन मोकळा होईल. नियम चांगला आहे, नियमाला मी नावं ठेवत नाही. साहेब कॉलेजात गेला तेव्हा बारकी त्याच्या दोन वर्षं मागे होती. तिने त्याचे सगळे पेपर लिहिले. पायरी आपोआप जुळली. साहेब पदवीधर झाला आणि म्हणाला, "मी वकील होणार."

अक्काला आनंदाने रडू आलं. "बोलायचंच तर काम आहे, त्याला डोळे कशाला लागतात?" ती मला म्हणाली. इमारतीतले लोक त्याच दिवसापासून त्याला वकीलसाहेब म्हणायला लागले. बाजारात तुरी!

वकिलीच्या कॉलेजात जायचं तर आधी प्रवेशपरीक्षा असते. उतारे वाचून उत्तरं द्यायची, कोडी सोडवायची, कायद्याच्या भाषेत कोण चुकलं ते ओळखायचं. सगळी उत्तरं अ, ब, क, ड मध्ये. बारकी सकाळी औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची. डॉक्टरांचं अक्षर वाचणारी पोरगी ती, तिला छापील पुस्तक काय जड जाणार! दुपारी घरी येऊन दोन घास खाल्ले की वाचायला बसायची. साहेब खिडकीजवळच्या आरामखुर्चीत. ज्याला दिसत नाही तो खिडकीत आणि वाचणारी आतल्या कोपऱ्यात स्टुलावर, अशी त्या घराची व्यवस्था. साहेबाला म्हणे वारं लागायचं.

"एका बाकावर पाच जण बसले आहेत," बारकी मोठ्याने वाचायची. "सुतार शिंप्याच्या शेजारी नाही. न्हावी कडेला आहे."

"परत वाच," साहेब म्हणायचा.

ती परत वाचायची. "सुतार कुठे होता?" की परत पहिल्यापासून. खाली मशीनवर बसून मला तिच्या आवाजावरून कळायचं की हिला उत्तर कधीच सापडलंय. पण ती सांगायची नाही. साहेब म्हणायचा "ब". ती पुस्तकाच्या मागे बघून म्हणायची, "क आहे, दादा." मग साहेब चिडायचा. "तू वाचतेसच अशी की डोक्यात शिरत नाही!" नाचता येईना अंगण वाकडं. मग चहा. चहा झाला की त्याचं डोकं दुखायचं, आणि डोकं दुखलं की रेडिओवर सामना लागायचा.

एवढं सगळं डोक्यात धरून सोडवणं सोपं नाही, हे मला मान्य आहे. मला तर कागदावर लिहूनही ते पाच जण बाकावर बसवता येत नाहीत. पण ज्यांना करायचं असतं ते करतात. न दिसणारी किती मुलं त्याच परीक्षेला बसतात आणि पास होतात, बारकीनेच मला सांगितलं. त्यांना वकील व्हायचं असतं. आमच्या साहेबाला वकीलसाहेब म्हणवून घ्यायचं होतं.

आणि खरं वकील व्हायचं होतं बारकीला. हे तिने पहिल्यांदा मला सांगितलं ते माझ्या दुकानात, पडद्यामागे, एक पँट माझ्यासाठी धरून उभी असताना. दुसऱ्यासाठी वाचता वाचता तिला त्याची गोडी लागली होती. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या अंगणात आली तर फळं कुणाची, असले प्रश्न ती मला विचारायची, आणि मी "जो आधी तोडेल त्याची" म्हटलं की पोट धरून हसायची. तिचे डोळे कसे चमकायचे तेव्हा! मी म्हटलं, "मग दे की परीक्षा."

"आई म्हणते आधी दादाचं होऊ दे."

पहिल्या वर्षी साहेब नापास झाला. ठीक आहे, पहिल्यांदा होतं. पण दुसऱ्या वर्षी बारकीची पदवीची शेवटची परीक्षा तोंडावर आली. ती पास झाली तर ती पण पदवीधर, साहेब पण पदवीधर. दोघं एकाच पायरीवर. मग ती त्याची लेखनिक होऊ शकत नाही. मी त्या वेळी भाजी निवडायला अक्काकडे बसले होते. अक्का अगदी मीठ कमी आहे का विचारावं तसं म्हणाली, "बारके, एक पेपर राहू दे ना या वर्षी."

"म्हणजे?" बारकी म्हणाली.

"म्हणजे बसू नको एका पेपराला. बाकीचे दे. तो एक पुढच्या वर्षी दे. काय बिघडतंय?"

"अगं, परीक्षेवाले देतात की लेखनिक," मी मध्ये तोंड घातलं.

"परक्याच्या वाचण्याने मला सुधरत नाही," साहेब खुर्चीतून म्हणाला. विषय संपला. अक्काने बारकीच्या पाठीवर हात फिरवला. "तू काय, डोळस आहेस. तू कधीही करशील."

हे वाक्य मी त्या घरात इतक्यांदा ऐकलं की त्याची मला शिसारी बसली. तू काय, डोळस आहेस. जणू डोळे असणं हा पोरीचा गुन्हा होता आणि ती शिक्षा भोगत होती. बारकीने पेपर सोडला. त्या दिवशी ती औषधांच्या दुकानात कामाला गेली, आणि तिच्याबरोबरच्या मुली पेपर देऊन येताना डोकेदुखीच्या गोळ्या घ्यायला तिच्याच काउंटरवर आल्या.

साहेब दुसऱ्यांदा नापास. पुढच्या वर्षी बारकीने पुन्हा तोच पेपर सोडला, साहेब तिसऱ्यांदा नापास. त्या वेळी ती परीक्षेहून थेट माझ्याकडे आली. तोंड उतरलेलं. म्हणाली, "मावशी, तो चुकीचं सांगतो ते मला ऐकतानाच कळतं. आणि माझ्या हाताने मला तोच गोल काळा करावा लागतो."

"मग बरोबर गोल काळा कर! कोण बघतंय? तो तर बघत नाहीच."

ती माझ्यावर रागावली. खरंच रागावली. "मला वकील व्हायचंय, मावशी. मी असलं काही करणार नाही." इतक्या सरळ पोरीचं या घरात कसं व्हायचं, एवढंच मनात आलं.

चौथ्या वर्षी मात्र विद्यापीठाने तिला कळवलं: राहिलेला पेपर या वर्षी दिला नाही तर आधीचे सगळे रद्द, पहिल्यापासून सुरुवात करा. तिने ते अक्काला वाचून दाखवलं. अक्का म्हणाली, "बघू, साहेबाचं काय होतं त्यावर ठरवू." त्या वर्षी साहेबाची परीक्षा आणि निकाल आधी होता, बारकीचा पेपर नंतर. म्हणजे साहेब पुन्हा नापास झाला असता तर बारकीची पदवी कायमची बुडाली असती, आणि पदवी नाही तर वकिली नाही. साहेबाने त्याही वर्षी सामने ऐकले.

त्या परीक्षेला वेगळी खोली होती. साहेब, बारकी आणि लक्ष ठेवायला एक बाई, ती आपली दाराशी बसून विणत होती. बारकी प्रश्न वाचायची, साहेब अक्षर सांगायचा. त्याने ब म्हटलं, हिने क काळा केला. त्याने अ म्हटलं, हिने ड. जिथे तो बरोबर होता तिथे त्याचं ठेवलं, आणि अशा जागा फार नव्हत्या. संध्याकाळी ती माझ्याकडे आली. मला सांगताना रडली नाही, नुसती हात चोळत राहिली, साबणाने धुतल्यासारखे.

"शहाणी आहेस," मी म्हटलं. अजूनही तेच म्हणेन.

निकाल लागला आणि साहेब एवढा वर आला की शहरातल्या सगळ्यात चांगल्या कॉलेजाने बोलावून घेतलं. इमारतीच्या अंगणात खुर्च्या मांडल्या, माईक आणला. साहेबाने नवा कोट घातला होता, बाह्या मीच कमी करून दिल्या होत्या. कुणीतरी विचारलं, लेखनिकाबरोबर जमवून घ्यायला अवघड जात असेल ना? साहेब हसला. म्हणाला, "लेखनिक म्हणजे पेन. पेन बरं असलं तर त्रास देत नाही, एवढंच. लिहायचं काय ते डोक्याला ठरवावं लागतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्काने वाजवल्या. बारकीने पण वाजवल्या. मी उठून घरी गेले, कारण माझ्या तोंडातून जे निघालं असतं ते माईकशिवायसुद्धा सगळ्यांना ऐकू गेलं असतं.

असो. पेन मोकळं झालं. बारकीने तो राहिलेला पेपर दिला, पदवीधर झाली, आणि स्वतःच्या परीक्षेच्या तयारीला लागली. तेव्हा एक विचित्रच गोष्ट कळली. तिला मनात वाचताच येत नव्हतं! इतकी वर्षं दुसऱ्यासाठी मोठ्याने वाचून तिच्या डोक्याला तीच सवय लागली होती. आवाज बंद केला की डोकं बंद. सरावाच्या परीक्षेला एका क्लासमध्ये गेली तर तिच्या पुटपुटण्याने पोरं वैतागली आणि तिला बाहेर काढलं. खऱ्या परीक्षेत तर हाकलूनच दिलं असतं. माझ्याकडे येऊन मटकन बसली. "मी दादाशिवाय कोडंही सोडवू शकत नाही, मावशी."

मी डब्यातून ओव्हरकोटाचं एक मोठं बटण काढलं, उकळत्या पाण्यात घातलं आणि तिच्या हातावर ठेवलं. "हे दातात धर. ओठ हलले की पडेल." तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! पण ती तशी बसायला लागली. माझ्याच दुकानात, इस्त्रीच्या वाफेत, दातात बटण धरून. सुरुवातीला बटण सारखं पडायचं, मग कमी पडायला लागलं, मग ती पानं उलटायला लागली आणि मला तिथे कुणी बसलंय याचा विसर पडायला लागला.

अर्जांचं तर विचारू नका. फोटो, दाखले, आणि दोन माणसांच्या शिफारशी. एक तिच्या कॉलेजच्या बाईंनी दिली. दुसरी औषधवाल्या मालकाने. त्याला काय लिहावं कळेना, शेवटी लिहिलं, "हिने आजवर कुणाला चुकीची गोळी दिलेली नाही." मी म्हटलं, याहून मोठी शिफारस काय असते? का वकील व्हायचंय, तेही एका पानात लिहायचं होतं. बारकीने त्यात भावाचा उल्लेखही केला नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "त्याच्याबद्दल खरं लिहिता येत नाही, आणि खोटं लिहायचं नाही."

परीक्षा तिने बटण दातात धरून दिली. साहेबाच्याच कॉलेजात तिला जागा मिळाली. स्वतःच्या नावावर, स्वतःच्या गोलांवर. ती मला सांगायला आली तेव्हा मी मशीनवरून उठले आणि तिला मिठी मारायला मला टाचा उंच कराव्या लागल्या. इतकी खूश मी माझ्या लग्नातही नव्हते.

आणि त्याच आठवड्यात साहेबाच्या पहिल्या वर्षाचा निकाल लागला. एक विषय सोडून सगळ्यात नापास. कॉलेजने त्याला लेखनिक दिली होती, चांगली मुलगी होती, पण ती तो सांगेल ते लिहायची. तिथे अ ब क ड नव्हतं, पानंच्या पानं उत्तरं सांगायची होती. प्राध्यापक कुजबुजायला लागले की प्रवेशाला एवढे गुण आणि इथे हा उजेड? फेरपरीक्षा होती. तिच्यातही नापास झाला तर नाव काढणार.

अक्काने मला वर बोलावलं तेव्हाच मला वास आला होता. साहेब खिडकीत, बारकी स्टुलावर, अक्का मध्ये उभी.

"फेरपरीक्षेला बारकी लिहील," अक्का म्हणाली.

"मला आता नाही लिहिता येणार, आई. मी पण त्याच कॉलेजात चाललेय. एका पायरीवर येतो आम्ही."

"म्हणून तर म्हणते. तू तुझी जागा या वर्षी सोड."

मी ओरडलेच. "अक्का, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? सोडलेल्या जागेला दोन वर्षं पुन्हा अर्ज करता येत नाही, तिथे ठळक लिहिलंय!"

"तू मध्ये बोलू नको. दोन वर्षांनी करेल. ती काय, डोळस आहे."

बारकी उठून उभी राहिली. तिचं डोकं दिव्याला लागलं, दिवा हलायला लागला. "आई, दादाचे ते गुण माझे होते," ती म्हणाली. "त्याने सांगितलेलं मी लिहिलंच नाही. त्याला येत नाही काही. याही वर्षी येणार नाही. मी किती वर्षं त्याचं लिहू?"

मी अक्काकडे बघितलं. मला वाटलं ती हादरेल. ती हादरली नाही हो! तिचा चेहरा नुसता कंटाळला, घरातली जुनी गोष्ट कुणी पुन्हा उकरून काढावी तसा. "केलंस ना भावासाठी?" ती म्हणाली. "मग आता बोलून कशाला दाखवतेस?"

साहेब इतका वेळ खुर्चीच्या हातावर बोटं टकटक करत होता. मग अगदी शांतपणे म्हणाला, "सांग ना सगळ्यांना. उद्याच कॉलेजात जाऊन सांग. मी म्हणेन, मला दिसत नाही, मी बोललो एक आणि हिने कागदावर काय केलं ते मला कसं कळणार? माझी फसवणूक झाली. माझ्यावर दया करतील. तुझी मात्र जागा जाईल, आणि परीक्षेत लबाडी केली म्हणून पुन्हा कुठलंच कॉलेज तुला दारात उभं करणार नाही. वकिली तर विसरच."

वर्षभरात साहेब एवढाच कायदा शिकला, पण पक्का शिकला.

बारकी त्याच्याकडे बघत होती. तो तिच्याकडे बघू शकत नव्हता, आणि बघू शकला असता तरी त्याने बघितलं नसतं. मग ती म्हणाली, "ठीक आहे. सोडते." मी तिला दंड धरून खाली नेलं, शिव्या घातल्या, हात जोडले. काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी तिने जागा सोडली. परत येताना माझ्या दुकानात डोकावून बटण काउंटरवर ठेवून गेली. मी त्या दिवशी एका माणसाची पँट चुकून गुडघ्यापर्यंत कापली.

फेरपरीक्षेच्या आधी बारकीने साहेबाला सगळी पुस्तकं वाचून दाखवली, एकही पान न गाळता. खालून मला तिचा आवाज यायचा, पूर्वीसारखाच. "परत वाच" मात्र आता ऐकू येत नव्हतं. साहेब ऐकतच नव्हता. मध्येच तो गुणगुणायचा, नाहीतर रेडिओ लावायचा. कशाला ऐकेल? आता त्याला कळलं होतं की पेन स्वतःच लिहितं.

परीक्षा झाली. निकाल आला: सगळ्या विषयांत नापास, नाव काढलं. अक्काने आकाशपाताळ एक केलं. तपासणाऱ्यांची चूक आहे म्हणून कॉलेजात जाऊन उभी राहिली, बरोबर साहेब आणि मी. मला तिने आधाराला नेलं होतं. प्राचार्यबाई सभ्य होत्या. त्यांनी साहेबाची उत्तरपत्रिका मागवली आणि कारकुनाला म्हणाल्या, "त्यांना वाचून दाखवा, म्हणजे शंका राहायला नको."

कारकून चष्मा लावून वाचायला लागला. त्याचा आवाज बस सुटायची सूचना द्यावी तसा. "प्रश्न पहिला, उत्तर. निष्काळजीपणा म्हणजे, काय बरं, थांब. निष्काळजीपणा म्हणजे काळजी न घेणे. पुढचे ते चार मुद्दे आहेत ना, ते घाल. मग ती जिन्यावरून घसरलेल्या बाईची केस, नाव तुला माहितेय, ते टाक. नीट सजवून लिही. झालं? पुढचा वाच. प्रश्न दुसरा, उत्तर. हे आपण परवा वाचलं होतं ना, तेच. दीड पान कर. पाणी दे जरा."

कारकून थांबला आणि त्याने चष्म्यावरून बघितलं. मला हसू येत होतं आणि माझ्या अंगावर काटा पण येत होता.

"हे तिने मुद्दाम केलंय!" अक्का किंचाळली.

"काय केलंय?" प्राचार्यबाईंनी विचारलं. त्यांनी लक्ष ठेवायला बसलेल्या म्हाताऱ्या शिक्षकांना बोलावलं होतं. ते म्हणाले, "हे जे बोलले ते त्या मुलीने शब्दन् शब्द उतरवलं. मी ऐकत होतो. हे हळू बोलत होते, पण माझे कान चांगले आहेत." मग बाई साहेबाकडे वळल्या. "तुमची तक्रार काय आहे? तुम्ही हे बोलला नव्हता का?"

साहेब काय सांगणार? की मी बोललो तेच तिने लिहिलं, म्हणून माझ्यावर अन्याय झाला? एवढा कायदा शिकलेला माणूस, पण या तक्रारीला कुठलं कलम त्याला सापडेना. त्याची बोटं टकटक करायला खुर्चीचा हात शोधत होती. त्या खुर्चीला हातच नव्हते. मला आनंद झाला. हो, झाला. आंधळ्या भाच्याची फजिती बघून झाला, लागू दे काय पाप लागायचं ते.

घरी आल्यावर अक्का बारकीला वाटेल ते बोलली, तिच्या अंगावर धावून गेली. साहेबाने फक्त एवढंच विचारलं, "असं का केलंस?"

"तू सांगितलंस तेच लिहिलं, दादा," बारकी म्हणाली, आणि भात लावायला आत गेली.

या गोष्टीत कुणाचं भलं झालं असं समजू नका. साहेबाचं नाव गेलं ते गेलंच. इमारतीतली पोरं अजून त्याला वकीलसाहेब म्हणतात, पण आता दात काढून म्हणतात. बारकीची दोन वर्षं गेली, आणि पुन्हा जागा मिळेलच असं कुणी लिहून दिलेलं नाही. अक्का दोघांशीही धड बोलत नाही. बारकी सकाळी औषधांच्या दुकानात जाते, दुपारी येते, जेवते आणि त्याच स्टुलावर बसून परीक्षेचा अभ्यास करते. मध्ये एकदा कामावर जाता जाता ते बटण माझ्याकडून परत घेऊन गेली.

परवा मी वर गेले तेव्हा दोघं तशीच बसली होती. साहेबाचा रेडिओ बिघडलाय, तो दुरुस्त करायला न्यायचं कुणी मनावर घेत नाही. बारकीने पान उलटलं. त्या आवाजाबरोबर साहेबाची मान तिकडे वळली.

"काय वाचतेस?" त्याने विचारलं.

बारकीच्या दातात बटण होतं.

"मोठ्याने वाच की जरा," तो म्हणाला. किती तरी दिवसांत त्याने त्या आवाजात काही मागितलं नव्हतं. "बारके? आहेस ना गं तिथे?"

मला वाटलं, आता ही उत्तर देईल. मी पण थांबले. तिने बोट ओळीवर ठेवलं, ओळ संपवली आणि पुढचं पान उलटलं.